पायपिंग लावलेलं खोकं

निवड समितीतल्या मान्यवरांनो, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘यंत्र कुठलंही चालेल, घरी जोडलेलंही चालेल, आम्ही फक्त खेळ बघतो.’ तुमच्या पत्रकातली तिसरी ओळ, ठळक अक्षरांत. ज्याने ती लिहिली त्याने घरी जोडलेलं यंत्र जन्मात पाहिलेलं नव्हतं. आमचं दार सगळ्यांना उघडं आहे असं दिसावं म्हणून घातलेली ओळ ती. दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला कोट घालतात तशी. मागून टाचण्या मारलेल्या असतात, तो कोणी अंगात घालून बघायचा नसतो. पण कपडे शिवणाऱ्या एका माणसाने तो खरंच अंगात घातला. त्याचं काय झालं ते आता ऐकून घ्या.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दहा बाय बाराचं दुकान, वर पोटमाळा, तिथेच घर. मास्तर मापं घेतात आणि कापतात. बायको वहीत मापं लिहिते, काजं-बटणं करते आणि नवऱ्याचं डोकं ठिकाणावर ठेवते. पोरगी एकोणीस वर्षांची. लहानपणी दोन मिनिटं एका जागी टिकत नसे म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तीच भिंगरी गेली तीन वर्षं तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या खुर्चीत बसून, दुसऱ्याच्या यंत्रावर, संगणकावरचा एक नेमबाजीचा खेळ असा खेळत होती की समितीच्या यादीत तिचा एकोणचाळिसावा नंबर लागला. चाळीस जणांना चाचणीला बोलावलं होतं. त्यातले पाच वर्षभर पगारावर खेळणार. अट एवढीच, की यंत्र स्वतःचं हवं आणि घरात हवं. चाचणी शनिवारी चारला. त्याच दिवशी सकाळी अकराला तासभर तपासणी. त्या तासात पडद्यावरचं चित्र सेकंदाला एकशेवीस वेळा बदललं पाहिजे. एकदा जरी आकडा खाली आला तरी बाद.

हातात बावीस दिवस होते आणि चाळीस हजार. ते चाळीस हजार ओव्हरलॉक मशीनसाठी ठेवलेले होते.

“ओव्हरलॉक घेणार होतात ना?” बायकोने सुई न थांबवता विचारलं.

“घेणारच आहे.”

“कधी, मी गेल्यावर? काठ हाताने मारून मारून बोटांची चाळण झालीय माझ्या.”

“आई, माझी निवड झाली तर तीन महिन्यांत दोन ओव्हरलॉक येतील,” भिंगरी म्हणाली.

“आणि नाही झाली तर?”

मास्तर मध्ये पडले. “नाही झाली तर त्या यंत्रावर तू सिनेमे बघ.”

“बघते की. काठ मारता मारता.”

हा होकार होता. बावीस वर्षांच्या संसारात मास्तरांना एवढं कळायला लागलं होतं.

मग कापायच्या टेबलावर भिंगरीने खडूने चौकोन काढले. हा प्रोसेसर, हा मदरबोर्ड, ही रॅम, हे ग्राफिक्स कार्ड. पडदा तिने मैत्रिणीकडून जुना मिळवला होता, तेवढा एक खर्च वाचला. मास्तरांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चाळीस हजारांत सगळं बसवायचं म्हणजे कमी कापडात पूर्ण बाह्यांचा शर्ट बसवायचा, हे बरोब्बर कळलं, आणि ते बाह्या सरसावून बसले.

“यात कापड कुठलं?”

“कार्ड. अर्धे पैसे त्यातच जाणार.”

“आणि दोरा?”

“दोरा काय बाबा?”

“शर्ट परत येतो तो कापड वाईट म्हणून नाही येत, दोरा तुटला म्हणून येतो. यात तुटणारं काय आहे?”

भिंगरीने एका चौकोनावर बोट ठेवलं. “पॉवर सप्लाय. तो गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो.”

“त्याला किती ठेवलेत?”

“अठराशे.”

“चांगला केवढ्याला?”

“बेचाळीसशे. पण मग चोवीसशे कुठून आणायचे?”

मास्तरांनी खडूच्या चौकोनांवर बोट फिरवलं. शेवटच्या चौकोनात खोकं होतं. काचेचं, आत रंगीत दिवे, तीन हजार. “हे शर्टाचं खोकंच ना? शर्ट घातल्यावर फेकतात ते? भंगारातून आणू.”

भिंगरीचा चेहरा पडला. दिवे तिला मनापासून हवे होते. पण तिने तो चौकोन बोटाने पुसला आणि तिथे ‘सहाशे’ लिहिलं.

एक कचेरी बंद पडली होती, तिथल्या संगणकाचं करड्या पत्र्याचं खोकं, म्हणजे कॅबिनेट, सहाशेलाच मिळालं. त्याच कचेरीतून प्रोसेसर आणि मदरबोर्डची जोडी. प्रोसेसर एक पिढी जुना घ्यायचा ठरला, कारण या खेळात त्याने फारसं अडत नाही असं भिंगरीने आठवडाभर वाचून, लोकांची भांडणं वाचून, स्वतः आकडेमोड करून काढलं होतं. राहिलं कार्ड. आणि लांब कार्डं जुन्या खोक्यात मावत नाहीत. म्हणून आधी माप.

इथे टेपबद्दल सांगायला हवं. मास्तरांच्या गळ्यातल्या टेपचा पहिला इंच नऊ वर्षांपूर्वी गेला. पितळी टोक निघालं, कड विसविशीत झाली, तेव्हा मास्तरांनी तो एकच्या रेघेवर सरळ कापून टाकला. नवा टेप कितीला येतो ते त्यांना विचारायची सोय नाही. हाताला बसलेली वस्तू ते टाकत नाहीत. दुकानाची रीत ठरून गेली. मास्तर टेपवर दिसेल तो आकडा मोठ्याने बोलतात, बायको वहीत एक कमी करून लिहिते. नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची छाती चुकली नाही.

त्या दिवशी बायको तयार कपडे पोचवायला गेली होती. मास्तर गुडघ्यांवर बसले, टेप कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला लावला आणि आत, पुढच्या डबीपर्यंत ताणला. जुन्या कॅबिनेटांत हार्ड डिस्क ठेवायला पुढे एक पत्र्याची डबी ठोकून बसवलेली असते, तिथपर्यंत.

“साडेबारा!”

भिंगरीने फोनमध्ये साडेबारा लिहिलं. टेप तोडका आहे हे तिला ठाऊक होतं. पण लिहिणारी आई असते, आपण नाही. आपल्याला सांगताना बाबांनी इंच वजा करूनच सांगितला असणार, असं तिने गृहीत धरलं. मास्तरांनी गृहीत धरलं की वजा करायचं काम लिहिणाऱ्याचं. दोघं आपापल्या जागी अगदी बरोबर होते. दोघांनी आनंदाने टाळी दिली.

सुट्या भागांच्या दुकानात चष्मेवाला बसतो. चष्मा कायम कपाळावर, आणि वस्तू नाकाशी धरून बघतो. त्याने दोन जुनी कार्डं काढून ठेवली. एक आखूड, दोन पंख्यांचं, अकरा हजारांचं. दुसरं तीन पंख्यांचं, लांबलचक, वीस हजारांचं.

“आखूडवर किती निघतील?” भिंगरीने विचारलं.

“एकशेवीस? निघतील. गर्दीच्या जागी खाली येईल जरा. एकशेदहा, बारा.”

“मग नको.”

“मग हे घे. हे पडणार नाही. पण ताई, लांबी बघ. तीनशे पाच मिलिमीटर आहे. बारा इंच पुरे.”

भिंगरीने फोन बघितला. अर्धा इंच शिल्लक. “बसतंय.”

“माप नीट घेतलंय ना? परत आणलंत तर मी तुम्हाला ओळखणार नाही, आत्ताच सांगतो.”

मास्तरांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरून दाखवला. “अहो, आम्ही पोट भरतो ते मापावर.”

चष्मेवाला हसला. वीसचे अठरा झाले. कार्ड साफ करून, ते गार राहावं म्हणून नवं मलम लावून, दोन दिवस चालवून बघून मग देतो म्हणाला, आणि शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करता करता दिलं. बेचाळीसशेचा दोराही त्याच्याकडूनच. चाळीस हजारांतले साडेतीनशे उरले.

शनिवारी सकाळी सहाला दोघं कापायच्या टेबलाशी उभे. भिंगरीचे हात चालताना मास्तर बघत राहिले. पोरगी स्क्रू दातात धरत होती, अगदी ते टाचण्या धरतात तशी. बोर्ड बसला, भाड्याच्या यंत्रावरून खेळ भरून आणलेली बोटाएवढी डिस्क त्यावर बसली, रॅम खटकन बसली, वायरी मागून ओढून झाल्या. साडेसातला तिने कार्ड दोन्ही हातांत धरून आत नेलं.

टक्.

तिने तिरकं केलं. परत टक्. कार्डाचं टोक त्या डबीच्या पत्र्यावर आपटत होतं.

“जात नाहीये.”

“जरा दाबून बघ.”

“बाबा, ही उशी नाही!” तिचा आवाज चिरकला. “अर्धा इंच जास्त आहे. शिल्लक राहायला हवा होता, आणि इथे जास्त आहे. तुम्ही साडेबारा म्हणालात ना?”

“साडेबाराच होतं.”

“वजा करून ना?”

मास्तरांनी टेपाकडे बघितलं. जिन्यावरून बायको चहाचे कप घेऊन उतरत होती, ती तिथेच थांबली.

“माप कोणी लिहिलं?”

“मी,” भिंगरी म्हणाली.

“किती?”

“साडेबारा.”

“म्हणजे साडेअकरा,” बायको पटकन म्हणाली. मग दोघांची तोंडं बघून तिला उलगडा झाला. कप तिने पायरीवरच ठेवले. “तुम्ही दोघं मिळून एक अख्खा माणूस होत नाही.”

कोणी हसलं नाही. भिंगरी खाली बसली. कार्ड तिने मांडीवर घेतलं होतं. “चष्मेवाला अकराला उघडतो. उघडला तरी परत घेणार नाही. झालं. गेलं माझं.” ती रडत नव्हती, हेच मास्तरांना जास्त लागलं. ही पोरगी दाढ काढतानाही रडून घर डोक्यावर घेणारी.

“ती डबी लागते कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“कशालाच नाही. जुन्या हार्ड डिस्कसाठी असते. आपली बोर्डावरच बसते.”

“मग तिला खिडकी पाडू.”

“पत्रा कापायचा? बाबा, लोखंडाचा एक कण बोर्डावर पडला तर सगळं जळेल.”

“मग सगळं बाहेर काढ.”

“पावणेआठ झालेत!”

“बोलण्यात आठ होतील. काढ.”

ती काढायला लागली. बायकोने टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि तशीच चपला घालून बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला पत्रेवाला राहतो, छपरांच्या पन्हळी करतो. नऊशिवाय उठत नाही. तिने त्याचं दार असं बडवलं की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

पत्रेवाला डोळे चोळत, कटर घेऊन आला. तोवर मास्तरांनी कॅबिनेट रस्त्याकडेच्या पायरीवर आणून डबीवर पांढऱ्या खडूने आखणी केली होती. या वेळी लोखंडी पट्टी घेऊन. बायकोने स्वतः दोनदा मोजलं आणि खडूची रेघ एक सूत सरकवली.

“एवढं बारीक?” पत्रेवाला म्हणाला. “मास्तर, मी पन्हळी कापणारा माणूस.”

“रेघेबाहेर गेलास तर तुझ्या लग्नातला कोट परत घेईन.”

“तो आता मला होतोय कुठे!”

ठिणग्या उडाल्या. मास्तर दोन्ही हात मागे धरून उभे. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याला कापताना कधी उभ्याने बघितलं नव्हतं. नऊला पत्रा सुटला. कड मात्र वस्तऱ्यासारखी, आणि वायरी नेमक्या तिथूनच जाणार होत्या. घासत बसायला वेळ नव्हता. मास्तरांनी फडक्याने पत्रा तीनदा पुसला, कपाटातून निळ्या सुती पट्टीचा गुंडाळा काढला आणि गोंद लावून खिडकीच्या चारी कडांना पायपिंग केलं. कोपरे तिरके दुमडून, गळ्याला करतात तसे.

“आत कापड?” भिंगरी घाबरली.

“तिथे चटका बसतो का?”

“नाही, तिथून गार हवा येते.”

“मग राहू दे. तुझ्या वायरींना गळपट्टी.”

ती पहिल्यांदा जराशी हसली आणि पुन्हा जोडायला बसली. या वेळी कार्ड आत गेलं, टोक खिडकीतून पलीकडे निघालं, कुठे घासलं नाही. दहा वाजून पन्नास मिनिटांनी तिने बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. मास्तर मनातल्या मनात टाके मोजायला लागले. एक, दोन, तीन. नवव्या टाक्याला पडदा उजळला आणि बायकोने नवऱ्याचा दंड सोडला. तिने तो धरला होता हे दोघांनाही तेव्हाच कळलं.

अकराला, भिंगरीचा फोन कॅमेरा म्हणून जोडल्यावर, तपासनीस व्हिडिओ कॉलवर पडद्याच्या कोपऱ्यात उगवला. चोवीस-पंचवीसचा, गळ्यात टाय, बोलायला सभ्य. त्याने चाचणी चालू केली आणि दुसऱ्या कोपऱ्यात आकडा धावायला लागला. एकशेपन्नास. एकशेबेचाळीस. एकशेसाठ.

बायकोने इस्त्री बंद केली, मशीन बंद केली, दुकानातला दुसरा दिवाही बंद केला. विजेचा भार पडून दोरा तुटायला नको. एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं, त्याला तिने उंबऱ्यावरूनच परतवलं.

“आज का बंद?”

“पोरगी तपासतायत आमची.”

“बरं नाही का तिला?”

“तिला बरं आहे. बाकीच्यांचं बघायचंय.”

पस्तिसाव्या मिनिटाला पडद्यावर एकदम धूर, आग, तीसेक माणसं. आकडा घसरला. एकशेतीस. एकशेसव्वीस. एकशेतेवीस. तेवीसवर तो थरथरला, आणि परत चढला. त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांत तो एकदाही त्याच्या खाली आला नाही. बाराला तपासनीस म्हणाला, “उत्तम. किमान एकशेतेवीस. पास आहे.”

भिंगरीने टेबलावर कपाळ टेकलं.

“फक्त बाजूचं झाकण काढून आतून दाखवा. औपचारिकता आहे.”

तिने फोनचा कॅमेरा आत धरला. पंखे, बोर्ड, कार्ड.

“थांबा. ते निळं काय आहे?”

“पायपिंग.”

“काय?”

“कापड आहे. पत्र्याची कड लागू नये म्हणून.”

“पत्रा कापलाय तुम्ही?”

“कार्ड बसत नव्हतं, म्हणून.”

तो खाली बघून वाचायला लागला. “नियम अकरा. यंत्रात फेरफार केलेला नसावा.”

“यंत्रात कुठे केलाय? खोक्यात केलाय.”

“मला ते ठरवायचा अधिकार नाही, मॅडम. मी ‘फेरफार’ असं नोंदवतो, वरचे निर्णय घेतात. सोमवारी कळवतील.”

“चाचणी आज चारला आहे.”

“हो. तोपर्यंत तुमची जागा राखीव यादीतल्या खेळाडूला जाते.”

“आणि सोमवारी मी बरोबर ठरले तर?”

तपासनिसाने टाय सारखा केला. “पुढच्या वर्षी अर्ज करता येतो.”

भिंगरीचा हात खाली आला. तपासनिसाला आता नुसती फरशी आणि तिचे अनवाणी पाय दिसत असणार. मास्तरांनी फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला, फार जवळ, नाकासकट.

“साहेब, मी हिचा बाप. पत्रा मी कापायला लावला. तुमचा आकडा किती आला?”

“एकशेतेवीस. पण—”

“मागितला किती होता?”

“काका, प्रश्न आकड्याचा नाही.”

“मग तासभर मोजत काय होतात?”

मागून बायको म्हणाली, “पोरावर ओरडू नका. त्याच्या हातात काही नाही, तोच म्हणतोय.”

“ओरडत नाही. विचारतोय.” मास्तरांनी आवाज खरंच खाली आणला. “हे बघा, तुमच्या हातात नाही, मान्य. मला सोमवार नको. सव्वाबारा वाजलेत, चारला पावणेचार तास आहेत. तुमच्या वरचा जो कोणी आहे, त्याला आत्ता फोन लावा, याच पडद्यावर आणा. त्याने मला तोंडावर सांगायचं, की खोक्याचा पत्रा कापल्यामुळे माझ्या पोरीचा नेम सुधारला का. हो म्हणाला तर मी ऐकून घेईन. नाही म्हणाला तर ती चारला खेळणार. मी इथून हलत नाही, फोन बंद करत नाही, दुकान उघडत नाही.”

तपासनिसाने मान वळवून स्वतःच्या खोलीत कोणाकडे तरी बघितलं.

“कोण आहे तिथे?” मास्तर म्हणाले. “नाव काय त्यांचं? आणि फोन लावताय की नाही?”